बारा नंबरचे डोळे

४ सप्टेंबर

प्रिय अक्का,

नमस्कार, साष्टांग, मोठ्या बहिणीला घालायचं जे काय असेल ते सगळं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू दोनच वाक्यं बोलतेस, "बरं आहे" आणि "ठेवते". भावजींना जाऊन सहा महिने होत आले, या सहा महिन्यांत तुझ्या तोंडून तिसरं वाक्य मी ऐकलेलं नाही. कागदावर तरी तुला पान भरावं लागेल. अर्धं पान कोरं पाठवायची तुला लहानपणापासून लाज वाटते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता कामाचं बोलते. आमच्या प्रयोगशाळेत सध्या चिनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांचा अभ्यास चालू आहे. तू तीस वर्षं चिनी वाचतेस, मला त्यातलं एक अक्षर येत नाही, आणि चिनी कसं वाचतात ते मी तुला सांगणार. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण ऐकून घे. आपण लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. चिनीत ती नसते. सगळी अक्षरं एकाला एक लागून, सारख्या अंतरावर. शब्द कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने वाचता वाचताच ठरवायचं. आणि डोळा काही ओळीवरून सरपटत जात नाही, उड्या मारत जातो. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. उडी मारताना त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. जे काही वाचायचं ते मुक्कामात. आमचा कॅमेरा हे मुक्काम मोजतो.

आमच्या बाईंना (प्रयोगशाळा त्यांची, मी त्यांच्या हाताखाली) मोठेपणी चिनी शिकलेली आणि रोज वाचणारी बारा माणसं हवी आहेत. अकरा मिळाली. बारावं माणूस माझ्या सख्ख्या बहिणीच्या रूपात सहा तासांच्या अंतरावर बसलेलं आहे आणि मी गावभर जाहिराती चिकटवत फिरते आहे. ये ना. हनुवटी एका टेकूवर ठेवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि ऐंशी वाक्यं वाचायची. दुखत नाही, टोचत नाही. रात्री माझ्याकडे राहा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून देईन.

खरं सांगू का, बारावा माणूस मला कुठूनही मिळेल. तू त्या दोन खोल्यांतून एक दिवस बाहेर पडावंस एवढंच मला हवंय.

तुझी
बारकी

११ सप्टेंबर

चि. बारकीस, आशीर्वाद.

पत्र मिळालं. येईन. तारीख तूच कळव. मला सगळे वार सारखेच.

इकडे ठीक आहे. सकाळी उठते. दोन्ही खोल्या झाडते. टेबलाशी बसते. दुपारी जे असेल ते खाते, पुन्हा बसते. लोक विचारतात वेळ कसा जातो. जातो. वेळेचं काय अडलंय.

काम भरपूर आहे. तुला माहीत आहेच, आमच्या कचेरीतून बाहेरची यंत्रं छोट्या दवाखान्यांना जातात आणि त्यांच्याबरोबरच्या चिनी पुस्तिका मी मराठीत करते, तिथल्या नर्सबाईंना कळाव्यात म्हणून. रक्तदाबाच्या यंत्राची झाली. वजनकाट्याची झाली. आता ऊबपेटी आली आहे. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांना ठेवतात ती काचेची पेटी. सेहेचाळीस पानं. महिना-दीड महिन्यात द्यायची आहे.

एक मात्र झालंय. पूर्वीपेक्षा मी भराभर वाचते. कुठे अडत नाही. कोश तर उन्हाळ्यापासून उघडलेला नाही, त्याच्यावर धूळ बसली होती ती काल पुसली. तीस वर्षांनी भाषा हाताखाली आली म्हणायची. तुझ्या बाईंना चांगला नमुना मिळेल.

पान भरलं. आता तरी तक्रार नको.

अक्का

१ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

नीट पोचलीस ना? बसच्या खिडकीतून हात कर म्हटलं तर केलास, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला केलास. मी अलीकडे उभी होते. मी जोरजोरात हात हलवत होते आणि एका अनोळखी माणसाने मला हात केला.

तू आलीस, बरं वाटलं. आमचा यंत्रवाला (कॅमेरा लावतो, टेकू स्पिरिटने पुसतो, स्वतःला शास्त्रज्ञ समजतो) अजून तुझं कौतुक करतोय. कॅमेरा जुळवून घ्यायला पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांकडे पाहा म्हटलं की लोक चुळबुळतात, शिंकतात, मान दुखली म्हणतात. तू दगडासारखी बसलीस म्हणे. इतकं न हललेलं माणूस त्याने आजवर पाहिलेलं नाही.

निकाल विचारशील म्हणून आधीच सांगते, कुणाचा निकाल कुणाला सांगायचा नाही असा आमचा नियम आहे. माणसाचं नाव एका पाकिटात बंद आणि त्याच्या जागी आकडा. तू आमची बारा नंबर. नंबर बाराचं सगळं छान झालं. काळजी नको.

एक विचारायचं होतं, सहजच. भावजी तुझं काम तपासायचे ना? लाल पेन्सिल कानामागे लावून बसलेले मला आठवतात. ते काम आता कोण करतं? आणि ऊबपेटी कधी द्यायची आहे? घाई नसेल तर थोडे दिवस राहू दे ना बाजूला. परत ये माझ्याकडे. आठवडाभर राहा.

बारकी

८ ऑक्टोबर

चि. बारकीस, आशीर्वाद.

नीट पोचले. हात कुठल्या बाजूला केला ते लक्षात नाही.

तुझ्या त्या टेकूवर बसायला मला आवडलं. सांगू की नको असं झालं होतं, सांगते. डोकं आपण सांभाळायचं नाही, दुसरं कुणीतरी धरून ठेवलेलं. समोर एकेक ओळ येते, बटण दाबलं की जाते. कुणी विचारत नाही कशी आहेस. तशी खुर्ची घरी असती तर मी तिथून उठले नसते.

तपासणीचं विचारलंस. आमची रीत तुला पूर्ण माहीत नसेल. ह्यांना चिनी येत नव्हतं. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, त्यांना भाषेशी काय देणंघेणं. पण तीच गंमत होती. माझं मराठी लिहून झालं की ते पान ह्यांच्या हातात द्यायचं, मी चिनी पान समोर घ्यायचं आणि लिहिलेलं न बघता चिनीवरून पुन्हा मराठीत बोलायचं, जसं सुचेल तसं. हे माझं लिहिलेलं वाचत बसायचे. बोललेलं आणि लिहिलेलं कुठे वेगळं निघालं की टेबलावर बोट आपटायचे. शब्द वेगळा असला तर चालायचं, अर्थ वेगळा झाला की बोट. आमची भांडणं झाली ती सगळी त्या बोटावरून. कचेरीला ही रीत इतकी पटली की त्यांनी शेवटच्या पानावर दोन चौकटी छापून घेतल्या, एक अनुवाद करणाऱ्याच्या सहीची, एक पडताळणाऱ्याच्या.

आता दोन्ही मीच करते. दुसऱ्या चौकटीत ह्यांची सही करते. सोपी आहे, दोन अक्षरं आणि खाली रेघ. मार्चपासून सहा पुस्तिका गेल्या, कुणी काही विचारलं नाही. कचेरीत मी सांगितलेलंच नाही. सांगितलं तर त्या चौकटीत दुसऱ्या कुणाची सही येईल. ती मला नको आहे. ही गोष्ट तुझ्यामाझ्यात.

ऊबपेटीची तीस पानं सहा दिवसांत झाली. पूर्वी सहा दिवसांत दहा व्हायची. तेव्हा बाजूला ठेवायचा प्रश्न नाही, सतरा तारखेला कचेरीत देऊन टाकेन.

अक्का

१२ ऑक्टोबर

अक्का,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. नंबर बाराचं सगळं छान झालेलं नाही.

आमची वाक्यं जोडीजोडीने असतात. एका वाक्यात "दार" असा रोजचा शब्द, त्याच्या जोडीच्या वाक्यात त्याच जागी "अडसर" असा क्वचित भेटणारा. बाकी वाक्य तेच. वाचणाऱ्याचा डोळा दारावर जेमतेम टेकतो, कधी तर न टेकता पुढे जातो. अडसरावर तो थांबतोच. थांबतो, चाचपतो, कधी मागे जाऊन पुन्हा येतो. मनात अर्थ लागतोय याचा तेवढाच पुरावा आमच्याकडे असतो. अकराही जणांचे डोळे असेच वागले. त्यातला एक म्हातारा इतका मागे मागे फिरायचा की यंत्रवाला वैतागला. पण तो वाचत होता.

तुझे डोळे प्रत्येक शब्दावर सारखेच थांबले. दार असो, अडसर असो. ऐंशी वाक्यांत तू दोनदा मागे वळलीस. मधून मधून हो-नाहीचे वीस प्रश्न होते, त्यांतले अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते. बाई आलेख बघून म्हणाल्या, हे माणूस वाचत नाहीये, नुसतं ओळीवरून जातंय, नंबर बारा बाद करा. त्यांना नंबर कुणाचा ते माहीत नव्हतं. मलाही माहीत असायला नको होतं, पण तुला तिथे मीच बसवलं होतं.

तरी मी तुला छान झालं असं लिहिलं. वाटलं, दुःखात आहे, एक दिवस वाचलं नाही तर काय बिघडलं. मग तुझं पत्र आलं. कोश उघडावा लागत नाही, कुठे अडत नाही, सहा दिवसांत तीस पानं. अक्का, भाषा हाताखाली आलेली नाही. तू अडायचंच सोडून दिलं आहेस. आणि ज्यांचं बोट आपटायचं ते आता नाहीत.

ऊबपेटी देऊ नकोस. निदान कुणालातरी समोर बसव आणि ती रीत पुन्हा कर. त्या पेटीत बाळ असणार आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी
बारकी

१९ ऑक्टोबर

बारकी,

तुझं पत्र सोळाला मिळालं. ऊबपेटी सतराला दिली.

तीस वर्षं मी हे काम करते आहे. तू अर्धा तास माझे डोळे मोजलेस. एवढ्यावर तू मला सांगणार की मी वाचत नाही? मी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत वाचतेच आहे. दुसरं मी काय करते? हे गेल्यापासून माझ्याकडे ती एकच गोष्ट आहे जी मला अजून येते. तीही तुला काढून घ्यायची आहे का?

नियम मोडून सांगितलंस, त्यापेक्षा नियम पाळला असतास तर बरं झालं असतं.

उत्तर पाठवू नकोस.

अक्का

२३ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते. तुझं मी कधी ऐकलंय?

नियम मोडल्याचं मी बाईंना सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, आता कुणाच्या नोंदींना हात लावायचा नाही. सध्या मी वाक्यं टाइप करते, तीही न कळणाऱ्या भाषेत. आहे ते ठीक आहे, मी ते ओढवून घेतलं.

तुझ्या कचेरीला मी पत्र लिहून ठेवलंय. पुस्तिका छापू नका, पडताळणी झालेली नाही, पडताळणारे मार्चमध्ये वारले. लिहून पाकीट बंद केलंय, तिकीट लावलंय. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर ते फाडून टाकेन. एक नोव्हेंबरपर्यंत तुझं काही आलं नाही तर टपालपेटीत टाकेन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. मला त्याचं फार वाईट वाटेल. रोज वाटेल. तरी टाकेन.

ह्याला धमकी म्हणायचं असेल तर म्हण.

बारकी

१४ नोव्हेंबर

चि. बारकीस, आशीर्वाद.

माझी दोन ओळींची चिठ्ठी तीस तारखेला तुला मिळाली असेल. "कचेरीत सांगितलं, पाकीट फाड" एवढंच तेव्हा लिहवलं. आता सगळं लिहिते. पानं पुरतील तितकी.

उत्तर पाठवू नकोस असं तुला लिहिल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. रागही टिकला नाही. राग टिकायला काहीतरी लागतं, ते नव्हतं. तिसऱ्या दिवशी खाली शिवणवालीकडे गेले. माझ्या खोलीच्या खालीच तिचं मशीन आहे, शाळांचे गणवेश शिवते. मी तिच्याशी आठ महिन्यांत जिन्यावर बाजूला व्हा यापलीकडे बोलले नसेन. तिला म्हटलं, तुला मराठी वाचता येतं ना, माझ्यासमोर बसून एक पुस्तिका धरशील का. ती म्हणाली, "काकू, मी तर चहाला बोलावणार होते तुम्हाला, धीर होईना." तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून आली.

ऊबपेटीचा कच्चा खर्डा माझ्याकडे होता. तो तिच्या हातात दिला, मी चिनी घेतलं. तिला सांगितलं, मी बोलेन आणि तू बघ, अर्थ वेगळा वाटला की थांबव. पहिलं पान ठीक गेलं. दुसऱ्यावर तिने दोनदा थांबवलं, ते बारीकसारीक होतं. तिसऱ्या पानानंतर माझ्या लक्षात आलं की मला घाम आलाय. बारकी, मला बोलताच येत नव्हतं. ओळ समोर, अक्षरं ओळखीची, आणि तोंडात काही येईना. शब्द कुठे तोडायचा ते कळेना. तीस वर्षांपूर्वी शिकायला बसले होते तेव्हासारखं. एकेका ओळीवर मी दोन दोन मिनिटं बसले. ती बिचारी कागद धरून बसलेली. मध्येच विचारलं, "अवघड आहे का हो?" मी म्हटलं, नाही, सोपं आहे. तेच तर.

दिवसाला पाच-सहा पानं व्हायची. मध्येच तुझं पाकिटाचं पत्र आलं. एकतिसाव्या पानावर पोचायला शेवटचा आठवडा उजाडला. त्या पानावर धोक्याच्या घंटेचं आहे. दोन ओळी एकाखाली एक, दोन्हींची सुरुवात अगदी सारखी. "घंटा वाजत असेल आणि तापमान..." पहिली ओळ म्हणते, तापमान लाल रेषेच्या वर असेल तर बाळाला ताबडतोब बाहेर काढा. दुसरी म्हणते, निळ्या रेषेच्या खाली असेल तर दार बंद ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. मी पहिली ओळ बोलले. शिवणवाली म्हणाली, "थांबा काकू. इथं तर दार बंद ठेवा लिहिलंय."

मी म्हटलं, तू खालची ओळ बघत असशील. ती म्हणाली खालची ओळच नाही. मी तिच्या हातातून कागद घेतला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. तापमान लाल रेषेच्या वर असल्यास दार बंद ठेवा आणि दहा मिनिटं थांबा.

डोळा अर्ध्या ओळीतून खालच्या ओळीत उतरला होता. वरची अर्धी, खालची अर्धी, मिळून एक नीटस वाक्य झालं होतं. व्याकरण चोख. मी ते पुन्हा वाचून, तपासून, खाली ह्यांची सही केली होती.

तुझा यंत्रवाला असता तर त्याला दाखवलं असतं. मी दगडासारखीच बसून लिहिलं असणार.

तशीच उठले आणि कचेरीत गेले. पुस्तिका छापखान्यात पोचली होती, दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढायची होती. पुस्तिकांचं काम बघणारे साहेब आहेत, भला माणूस, टेबलावर नेहमी चाळीस कागद आणि त्यांवर चाळीस दगड. त्यांना म्हटलं, एकतिसावं पान चुकलंय, छपाई थांबवा. त्यांनी आधी फोन करून छपाई थांबवली. मग शेवटचं पान काढलं, दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, पडताळणी झाली आहे की, यांच्या नजरेतून असं कसं सुटलं, त्यांना घेऊन या एकदा. मी म्हटलं, ते गेले. साहेबांनी विचारलं, "कुठे?"

मग मला दुसरा शब्द काढावा लागला. आठ महिन्यांत मी तो कुणापुढे उच्चारला नव्हता. तू, शेजारी, बँकेतला माणूस, सगळ्यांना आधीच कळलेलं होतं, मला कधी सांगावंच लागलं नाही. साहेबांना सांगावं लागलं. आणि सह्या कुणाच्या तेही.  साहेबांनी चौकटीवरचं बोट काढून घेतलं.

मार्चपासूनच्या सहाही पुस्तिका पुन्हा पडताळायच्या ठरल्या आहेत. चार झाल्या. चुका आहेत, जिवावर बेतणारी त्यांत नाही. रक्तदाबाच्या यंत्राची मात्र पुरवणी चिकटवावी लागणार आहे. काम माझ्याकडेच ठेवलं आहे, पण यापुढे समोर दुसरं माणूस बसल्याशिवाय एक पान घेणार नाहीत, आणि सही त्याचीच. शिवणवालीची सही आता त्या चौकटीत आहे. पूर्ण नाव लिहिते, मोठ्या अक्षरांत, चौकटीबाहेर जातं. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी पान उलटं करून ठेवलं. अजून ठेवते.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तुझं म्हणणं खरं होतं आणि तू ते सांगितलंस याचाच राग आहे, तो लवकर जाईल असं दिसत नाही. तुझी नोंदींची कामं गेली त्याचं मला वाईट वाटतं. बाईंना मी एक पत्र लिहिणार आहे, तू आड येऊ नकोस.

आता परवाचं सांगते, मुख्य तेच सांगायचं होतं. ऊबपेटी पुन्हा पहिल्यापासून घेतली. एकतिसावं पान आलं. मी ओळ बोलले, बाळाला ताबडतोब बाहेर काढा. शिवणवाली कागदाकडे बघत होती. मी पुढच्या ओळीकडे वळले तर म्हणते, "आणि ठेवायचं कुठं?"

मी म्हटलं, काय?

"बाळ. सातव्या महिन्यातलं, ओंजळीएवढं. काढलं बाहेर. मग कुठं ठेवायचं? टेबलावर ठेवू काय उघडंवाघडं?"

मी म्हटलं, पुस्तिकेत तेवढंच आहे. बाहेर काढा, मग घंटा बंद करा.

"मग एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातानं घंटा? ती नर्सबाई एकटी असेल हो काकू. छोट्या दवाखान्यात किती जणी असणार?"

मी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. हे पान मी आधी दोनदा केलेलं. एकदा चुकीचं, एकदा बरोबर. दोन्ही वेळा त्यात बाळ नव्हतं. आता होतं. काचेतून काढलेलं, लालबुंद, बोटं मिटलेलं, आणि त्या बाईला ते कुठे ठेवावं कळत नाहीये. मी म्हणाले, मला माहीत नाही गं, आणि मला रडू कोसळलं. तुला खोटं वाटेल, ह्यांना नेलं तेव्हाही मी रडले नव्हते. लोक वाट बघत होते, तूही बघत होतीस, मला कळत होतं. ते परवा आलं, कुणाच्या कुठल्या बाळासाठी, शिवणवालीसमोर. हे गेले गं बारके. हे गेले आणि मला त्यांना कुठे ठेवावं कळलंच नाही.

तिने मला गप्प केलं नाही. कागद मांडीवर ठेवून बसून राहिली.

मग आम्ही दोघींनी मिळून कारखान्याला पत्र लिहिलं, मी चिनीत, ती तोंडी, की बाळ बाहेर काढल्यावर कुठे ठेवायचं ते छापा. उत्तर यायचं आहे. त्या दिवशी पुढे काही झालं नाही. एका ओळीला आम्हाला पाऊण तास लागला.

तुझी
अक्का